विद्यार्थी सेवाकार्य, पुणे : प्रकल्प नोंदी (जून २०२४ ते जून २०२५)

१२ जून २०२४, बुधवार

शहरात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी या वर्षीपासून स्वतंत्र सेवाकार्य सुरू करावे, असा ठराव आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कार्यकारिणीने केला आणि नोकरी सांभाळून ते पाहण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. ठरावात ‘विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणे’ असे शब्द आहेत. कोणत्या विद्यार्थ्यांपर्यंत आणि कशासाठी, याचा उल्लेख नाही. वर्षाची तरतूद साठ हजार रुपयांची आहे. सभागृहाचे वीजबिल त्यात धरायचे की नाही, यावर ठरावापेक्षा अधिक वेळ चर्चा झाली.

माझ्यासमोर तूर्त तीन प्रकारची मुले आहेत. नेवासे, राहुरी, श्रीरामपूर, जालना या भागांतील ख्रिस्ती कुटुंबांतून आलेली मुले पहिली. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले, त्यामुळे यांच्यापैकी कित्येकांच्या घरी पाच-सहा पिढ्यांची उपासना आहे आणि पुण्यात आल्यावर त्यांना पहिल्यांदाच रविवारी सकाळी कोणी उठवत नाही. दुसरी, ईशान्येकडून आलेली मुले. तिसरी, ख्रिस्ती नसलेली, पण मित्राबरोबर सहज डोकावणारी मुले. ठरावाच्या शब्दांत खरी संदिग्धता आहे ती यांच्याबाबत.

पूर्वी गाव सोडताना पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, पुढच्या मंडळीच्या नावे चिठ्ठी देत असत आणि मुलगा ती घेऊन नव्या गावातल्या पाळकांच्या दारात उभा राहत असे. ती पद्धत पुन्हा चालू करता येईल या आशेने नगर आणि जालना जिल्ह्यांतील चौतीस मंडळ्यांना आज पत्रे टाकली.

३० जून २०२४, रविवार

पहिली सभा आज दुपारी चार वाजता ठेवली होती. दोन्ही पालख्या आजच पुण्यात येणार आहेत, ही गोष्ट पुण्यात जन्म काढलेल्या माझ्या लक्षात आली नाही, याचे मला स्वतःलाच नवल वाटते. रस्ते बंद, बसमार्ग बदललेले, पेठांमध्ये पाऊल ठेवायला जागा नाही. साठ जणांचा चहा केला होता. आले तिघे, आणि त्यांतला एक वारकऱ्यांना पाणी वाटून तसाच भिजलेल्या कपड्यांनी आलेला.

त्या तिघांशी बोलताना विषय ओघानेच ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांकडे गेला. आपण ख्रिस्ताच्या पायाशी पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे टिळक म्हणत, हे तिघांनाही ठाऊक नव्हते. टिळक हे नाव पाठ्यपुस्तकातल्या कवितेपुरतेच त्यांच्या कानावर होते. भिजलेल्या मुलाने एवढेच विचारले, “मग ते वारीला जायचे का?” मला उत्तर देता आले नाही.

उरलेला चहा रस्त्यावरच्या दिंडीत खपला. पुण्यात मिशनच्या चहाला इतिहास आहे: ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली आणि त्यावरून रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्याचा, म्हणजे जातिबहिष्काराचा, प्रसंग ओढवला. आजच्या चहाबद्दल कोणी काही विचारले नाही. साखर कमी आहे, अशी एकच तक्रार आली.

१८ जुलै २०२४, गुरुवार

चौतीस पत्रांना आजवर पाच उत्तरे आली. एका पाळकसाहेबांनी अकरा मुलांची नावे, महाविद्यालये आणि वडिलांचे फोन नंबर सुवाच्य अक्षरांत लिहून पाठवले आहेत. या एका पत्रावर पुढचे सहा महिने काम चालेल, असे दिसते.

एका महाविद्यालयाच्या आवारात फलक लावण्याची परवानगी मागायला गेलो होतो. प्राचार्यांनी ती नम्रपणे, पण स्पष्टपणे नाकारली. बरोबरच्या तरुण स्वयंसेवकाला तो अन्याय वाटला. मला तसे वाटले नाही. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतही विद्यार्थ्याच्या, तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीवाचून त्याला अशा गोष्टीत सामील करून घेता येत नाही, असे राज्यघटनेचा २८वा अनुच्छेद सांगतो. धर्मप्रसाराचा हक्क २५व्या अनुच्छेदात आहे. मात्र दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात दिलेला आहे. या कामात पडणाऱ्या प्रत्येकाने हे आधी वाचावे, असे माझे मत झाले आहे.

प्राचार्यांच्या मनात जी भीती आहे, ती आजची नाही. मुंबईत १८३९ साली मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली. पुढे १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. मिशनऱ्यांकडे राहू लागलेला त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मात्र अजाण होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले आणि त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला. मराठी मुलूख ही गोष्ट नाव विसरला तरी आशय विसरलेला नाही. फलक आवारात लागणार नाही. फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात दुकानदाराने आपणहून जागा दिली.

२७ जुलै २०२४, शनिवार

परवा, पंचवीस तारखेला, पहाटेपासूनच्या पावसाने आणि खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. त्याच भागात तळमजल्यावर कॉट बेसिसवर राहणारे चार विद्यार्थी त्या रात्री सभागृहात आले. चौघांपैकी एकच ख्रिस्ती. बाकीचे त्याचे खोलीमित्र. सतरंज्या, चादरी, एक पाच लिटरचा कुकर आणि मंडळीतल्या घरांतून आलेले डबे, एवढ्यावर सोय लागली. पुस्तकांची पाने सुटी करून पंख्याखाली पसरली होती आणि मधून चालताना पाय जपून टाकावा लागत होता.

आज सकाळी त्यांच्यातल्या एकाच्या वडिलांचा बार्शीहून फोन आला.

“नमस्कार साहेब. पोरगं चर्चमध्ये राहतंय म्हणून कळलं. तुमचं भाडं किती?”

भाडे नाही, खोलीतले पाणी ओसरेपर्यंतची सोय आहे, असे मी सांगितले.

“मग तुम्हाला काय मिळतं?”

मी ‘काही नाही’ म्हणालो, पण हे उत्तर पुरते खरे नव्हते आणि ते त्यांनाही कळले असावे. संध्याकाळी ते स्वतः एसटीने आले, सभागृह फिरून पाहिले, मुलाचे अंथरूण कुठे आहे ते पाहिले, चहा घेतला आणि मुलाला धायरीला नात्यातल्या माणसांकडे घेऊन गेले. जाताना हात जोडले. मुलगा खाली मान घालून चपला शोधत होता.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

बार्शीच्या गृहस्थांचा प्रश्न मी कार्यकारिणीपुढे जसाच्या तसा ठेवला. आपण डबा देतो, अंथरूण देतो, वह्या देतो. त्याच्या बदल्यात मुलाने बायबलमधले वचन ऐकावे अशी आपली मनोमन अपेक्षा असते की नसते? एका ज्येष्ठ सभासदांनी उघडपणे सांगितले की असते, आणि ती असण्यात गैर काही नाही, कारण शुभवर्तमान, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, हीच आपल्याजवळची सर्वांत मोलाची वस्तू आहे. त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला. जेवणापूर्वी पाच मिनिटांचे वचन आणि प्रार्थना ठेवावी, अशी त्यांची सूचना होती. भुकेल्या मुलासमोर ताट असताना केलेले आमंत्रण त्याला नाकारता येत नाही, म्हणून ते आमंत्रणच राहत नाही, असे माझे म्हणणे होते. वाद पाऊण तास चालला.

शेवटी ठरले ते असे. मदत आणि उपासना यांचे वार वेगळे, खोल्या वेगळ्या आणि शक्य तिथे माणसेही वेगळी राहतील. बुधवारचे जेवण सर्वांसाठी असून तिथे आपण आपली प्रार्थना मनातल्या मनात करू. शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचे वाचन, शुक्रवारी, ज्याला यायचे आहे त्याच्यासाठी, चहासुद्धा न देता. कोणी विश्वासाविषयी विचारले तर आडपडदा न ठेवता सांगायचे. शिकत असलेल्या कोणाचाही बाप्तिस्म्याचा विचार असल्यास घरच्यांना ठाऊक असल्याशिवाय आपण पुढे जायचे नाही. हा शेवटचा नियम सर्वांना पटलेला नाही. सज्ञान मुलाच्या विवेकावर ते बंधन आहे, हा आक्षेप मला खोडता आला नाही, तरीही नियम मी ठेवून घेतला आहे.

पाळकसाहेबांनी बैठक संपताना ‘देवाच्या दरबारा’ची आठवण काढली. ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात काढलेल्या त्या बंधुसंघात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांत टिळक वारले आणि ते काम पुढे वाढले नाही.

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

गणेशोत्सव. पंधरवडा रिकामा गेला. मागच्या महिन्यात राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आल्यामुळे शास्त्री रस्त्यावर मुलांनी आंदोलन केले, परीक्षा पुढे गेली, आणि अभ्यासिकांतल्या आमच्या मुलांचे सारे वेळापत्रक विस्कटले आहे. मंडळीचे वर्ष आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थान असे चालते. विद्यार्थ्याचे वर्ष सबमिशन, ओरल, एटीकेटीचा फॉर्म आणि आयोगाची शुद्धिपत्रके यांवर चालते. ही दोन पंचांगे शेजारी शेजारी मांडून ठेवणे, हेच सध्या माझे मुख्य काम होऊन बसले आहे.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

ईशान्येकडच्या मुलांविषयी आमचा अंदाज सपशेल चुकला, तो इथे नोंदवून ठेवतो. ही मुले एकाकी असतील, त्यांना आपल्या उपासनेत सामावून घ्यावे, अशी आमची समजूत होती आणि त्यासाठी इंग्रजी गीतांची छापील पाने तयार केली होती. गेल्या महिन्यात मिझोरमच्या एका विद्यार्थ्याकडून कळले की त्यांची स्वतःची सभा दर रविवारी भरते, उपस्थिती आमच्या तरुण संघाच्या दुप्पट असते, गायन चार आवाजांत चालते आणि अर्पणाचा हिशेब महिन्याच्या महिन्याला वाचून दाखवला जातो. त्यांची अडचण एकच होती: भाड्याच्या सदनिकेत गायन सुरू झाले की खालच्या मजल्यावरून तक्रार येते.

त्यांना सभागृहाची किल्ली हवी होती. दुपारी दोन ते पाच सभागृह रिकामेच असते, म्हणून मी लगेच होकार दिला. कार्यकारिणीची मंजुरी मिळायला मात्र तीन आठवडे गेले, कारण किल्ली कोणाच्या नावावर द्यायची आणि खुर्ची मोडल्यास भरपाई कोणी करायची, हे ठरत नव्हते. मंजुरीची बातमी द्यायला गेलो तेव्हा त्या मुलाने पहिला प्रश्न विचारला तो झाडू कुठे ठेवता, हा होता.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

परवाच्या शुक्रवारच्या शास्त्राभ्यासाला सहा जण होते. बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय चालू आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना देवनागरी सलग वाचता येत नाही, म्हणून एकेक ओळ फिरती वाचतो. अडखळणाऱ्याला कोणी हसत नाही, एवढे वळण आता पडले आहे. भाषेची ही अडचण जुनीच आहे. अल्पशिक्षित स्त्रियांना कळावे म्हणून पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ भाषांतून सोप्या मराठीत संपूर्ण शास्त्राचे भाषांतर केले आणि १९२२ साली त्या वारल्या त्या हे काम हातावेगळे करूनच. आमच्या मुलांच्या वाट्याला आता भाषांतर सोपे असूनही लिपीच अनोळखी, असा पेच आला आहे.

तिसरे वचन वाचले गेले: “जे आत्म्याने दीन ते धन्य.” कोपऱ्यात बसणारा एक विद्यार्थी, जो तीन वेळा पूर्वपरीक्षेत मागे पडला आहे आणि आतापर्यंत एकदाही बोललेला नव्हता, त्याने विचारले, “सर, आत्म्याने दीन म्हणजे डिप्रेशन का?”

खोलीत सगळे गप्प झाले. माझ्याजवळ तयार उत्तर होते. अशा वचनांवर मी अनेकदा बोललो आहे. ते बाजूला ठेवून मी त्याला विचारले की त्याला तसे का वाटले. तो म्हणाला की सकाळी उठून दात घासण्याचेही अंगावर येते, चार महिने घरी खोटे सांगतो आहे की टेस्ट सिरीजमध्ये गुण चांगले पडतात, आणि ‘दीन’ हा शब्द वाचल्यावर हे आपल्याबद्दलच लिहिले आहे असे वाटले. फक्त पुढचा ‘धन्य’ कुठून आला ते कळत नाही.

मी त्याला सांगितले की मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ हात पसरणारा भिकारी असा होतो, आणि हात पसरणे ही एक कृती आहे. तू जे सांगतो आहेस ते आजारपण असू शकते, त्याला डॉक्टर आहेत आणि ते वचनाच्या विरुद्ध नाही. त्याला हे किती पोहोचले, सांगता येत नाही. सभा संपल्यावर आम्ही दोघे अलका चौकापर्यंत चालत गेलो. जीव नकोसा वाटतो का, हेही मी त्याला सरळ विचारले. तो प्रश्न विचारायला माझी जीभ जड झाली होती. तो नाही म्हणाला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्याने माझ्यासमोर फोनमध्ये साठवला आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे बरोबर येण्याचे मी कबूल केले. त्याने होकार दिला तर इतरांना काय सांगायचे आणि काय नाही, हेही त्याच्याशी बोलून घेतले. ही नोंदसुद्धा त्याला दाखवून ठेवली आहे.

१ डिसेंबर २०२४, रविवार

आगमनकाळाचा पहिला रविवार आणि पुढे ढकललेली पूर्वपरीक्षा एकाच दिवशी. उपासना सकाळी झाली, विद्यार्थ्यांची सभा संध्याकाळी सातला ठेवली. कोपऱ्यातल्या त्या मुलाने पेपर दिला. औषधे सुरू होऊन दहा दिवस झाले आहेत.

सभेनंतर एक विद्यार्थी हजेरीच्या वहीतून आपले नाव खोडायची विनंती करायला आला. कागदोपत्री तो हिंदू, अनुसूचित जातीचा. घरी आजोबांपासून उपासना. २६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेला ती ख्रिस्ती धर्म पाळते या कारणावरून अनुसूचित जातीचा दाखला नाकारणे योग्य ठरवले, तो निकाल त्याने फोनवर वाचला होता आणि आपली शिष्यवृत्ती जाईल या भीतीने त्याचा चेहरा उतरला होता. १९५०च्या आदेशाने अनुसूचित जातींची सवलत हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. माजी सरन्यायाधीश बाळकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली २०२२ साली नेमलेल्या आयोगाकडे हा प्रश्न आहे. धर्म बदलला म्हणून गावकुसाबाहेरचे घर आत येत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

खोटे बोल असे मी त्याला सांगू शकत नाही आणि तुझे खरे उघड कर असेही सांगण्याचा मला अधिकार नाही, कारण फी त्याच्या घरच्यांना भरायची आहे. मी वही त्याच्या हातात दिली. त्याने नाव खोडले नाही, ते पानच फाडून खिशात ठेवले, त्यामुळे त्या दिवशीच्या बाकीच्या आठ जणांची हजेरीही गेली. यापुढे वहीत नावे लिहायची नाहीत, फक्त संख्या लिहायची, असे ठरवले. खजिनदारांना ते मान्य नाही. खर्चाला आधार काय दाखवायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत जीबीएस (गुइलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढल्यापासून बुधवारच्या जेवणापेक्षा उकळलेल्या पाण्यालाच मागणी अधिक आहे. वीस लिटरच्या पातेल्यात पाणी खळखळून उकळून रात्रभर झाकून ठेवतो. सकाळी सात वाजता मुले कॅन घेऊन येतात. महिन्याचे गॅसचे दोन सिलिंडर जास्तीचे गेले. या पाण्यासाठी येणाऱ्यांत बार्शीचा मुलगाही असतो. धायरीहून दोन बस बदलून येतो, कॅन भरतो, चार शब्द बोलतो, जातो. शुक्रवारविषयी त्याने कधी विचारलेले नाही आणि मीही काढलेले नाही. काढावे असे मला दर वेळी वाटते, हे लपवत नाही.

२७ एप्रिल २०२५, रविवार

गेल्या रविवारी पुनरुत्थानाच्या पहाटेच्या उपासनेला सतरा विद्यार्थी आले. मिझो मुलांनी त्यांच्या भाषेत एक गीत गायले; आमच्या वाद्यवृंदाने साथ धरायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्या कडव्याला शहाणपणाने थांबला.

वार्षिक अहवालासाठी कार्यकारिणीने आकडा मागितला आहे. बुधवारी सरासरी बेचाळीस, शुक्रवारी सरासरी सात. ऑगस्टमध्ये दोन्ही वेगळे केले नसते तर शुक्रवारचाही आकडा चाळिसाच्या घरात दिसला असता, हे मी अहवालात स्वच्छ लिहिले आहे. बाप्तिस्मा एकही नाही. दृढीकरणासाठी, म्हणजे बालपणीच्या बाप्तिस्म्यानंतर विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीसाठी, श्रीरामपूरकडच्या दोन मुलींनी नावे दिली असून दोघींनी ती स्वतः, आईवडिलांशी बोलून दिली आहेत. एका सभासदांनी अहवाल वाचून विचारले, “म्हणजे साठ हजारांत सात?” मी होय म्हणालो. बार्शीच्या गृहस्थांनी आज तोच जुना प्रश्न विचारला असता तर उत्तर देताना माझी अडचण झाली नसती.

८ जून २०२५, रविवार

पेंटेकॉस्ट, पवित्र आत्मा उतरल्याचा सण. कोपऱ्यातला मुलगा पुणे सोडून गावी गेला, तालुक्याच्या एका पतसंस्थेत लागला आहे. औषधे चालू आहेत. काल त्याचा निरोप आला: शुक्रवारचे वाचन कुठपर्यंत आले? मत्तयाच्या तेराव्या अध्यायापर्यंत, असे कळवले. तो तिकडे दोघांना घेऊन वाचतो आहे आणि अकराव्यात अडला आहे.

नव्या वर्षाच्या चौतीस पत्रांबरोबर या वेळी पत्ता लिहिलेली उत्तराची पाकिटेही घातली. पहिली सभा २९ जूनला आहे. पालख्या २० तारखेला पुण्यात येऊन २२ला पुढे निघतात. हे मी दोन वेगवेगळ्या कॅलेंडरांत आणि वरच्या मजल्यावरच्या आजींकडे, असे तीनदा तपासले आहे.